पोर्ट सतरावरची चाहूल

हेमांगी बऱ्हाटेनं आईला शोधायला घेतलं ते एका सोमवारी, भर ऑफिसात, सकाळी साडेअकरा वाजता. शेजारच्या टेबलावर नुकताच चहा आला होता. समोरच्या भिंतीवर अकराशे चाळीस गावांचे हिरवे ठिपके लुकलुकत होते. ती काय करते आहे हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. दिवसभर आकडे बघत बसणं हेच तिचं काम होतं.

जळगावातल्या त्या देखरेख केंद्रातून 'ग्रामतंतू'वर लक्ष ठेवलं जाई. ग्रामतंतू म्हणजे खानदेशातल्या गावागावांना जोडणारं, जमिनीखालून गेलेल्या काचेच्या तारांचं जाळं. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कपाटात एक स्विच, म्हणजे माहिती ज्या त्या तारेत धाडणारा डबा, आणि त्याला चोवीस पोर्ट, म्हणजे तारा जोडायची चोवीस तोंडं. कुठल्या तोंडातून किती माहिती आत आली, किती बाहेर गेली, वाटेत किती खराब झाली, याची मोजदाद प्रत्येक पोर्ट स्वतःच करतं आणि मिनिटामिनिटाला केंद्राला कळवतं. शिवाय स्विच स्वतःशी सतत काहीबाही पुटपुटत असतो. वीज गेली, वीज आली, पंखा मंदावला, अमक्यानं आत येऊन तमकं विचारलं. त्या पुटपुटण्याची तारीखवार वही म्हणजे सिस्टिम लॉग. ही वही हेमांगीच्या इतकी अंगवळणी पडली होती, की चार ओळी वाचून ती सांगे, "इथल्या शिपायानं पुन्हा स्विचच्या झरोक्याला टेकून फायली ठेवल्यात." आणि फोन केला की तसंच निघे.

पाच वर्षांपूर्वी या पोर्टांना एक नवं इंद्रिय फुटलं. रस्ते खोदणारे जेसीबी आठवड्याला एकदा तरी तार तोडत. ते आधीच कळावं म्हणून पोर्टांमध्ये नव्या तऱ्हेची प्रकाशयंत्रं बसवली गेली. कल्पना साधी होती. तारेतून प्रकाश पुढे धावतो तेव्हा काचेतल्या बारीक दोषांवर आपटून त्याचा एक अंधुक अंश मागे फिरतो. वर जमिनीवर काही हललं की खालची तार नावापुरती ताणली जाते, आणि मागे फिरणारा प्रकाश किंचित बदलून येतो. तो किती वेळानं परतला यावरून जागा कळते, आणि कसा बदलला यावरून हालचाल. जेसीबीचा हादरा वेगळा, बैलगाडीचा वेगळा, माणसाच्या पावलाचा त्याहून वेगळा. ही यंत्रणा 'चाहूल' या नावानं ओळखली जाऊ लागली.

चाहूल शिकत गेली. माणसामाणसातला फरक तिला कळू लागला. पाऊल किती वेळ टेकतं, कुठल्या पायावर भार जास्त, दोन पावलांत किती अंतर, हे जुळवलं तर प्रत्येकाची चाल त्याच्या सहीइतकी वेगळी निघते. तेव्हा केंद्रात मोठी बैठक झाली होती. "माणसाच्या चालीला नाव जोडायचं नाही, आणि चालीच्या नोंदी तीस दिवसांत पुसायच्या," असा नियम ठरला. त्या बैठकीत सगळ्यात जास्त भांडली होती ती हेमांगी. नोंदी पुसणारा प्रोग्रामही तिनंच लिहिला होता. गेल्या वर्षी चोपड्याचा एक माणूस पंचविशीतल्या बायकोचा फोटो घेऊन केंद्रात आला होता, तेव्हा त्याला तिनंच जिन्यावरून परत पाठवलं होतं.

आणि आता तीच आईची चाल चाहुलीला देत होती.

आईनं घर सोडलं त्याला नऊ वर्षं झाली होती. भुसावळच्या त्या घरात कधी आरडाओरडा झाला नाही की कुणी कुणावर हात उगारला नाही. वडील बोलणं बंद करत, एवढंच. भाजीत मीठ जास्त पडलं तर आठ दिवस. आई माहेरच्या लग्नाला दोन दिवस जास्त राहिली तेव्हा अकरा महिने. हेमांगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि त्या घरात बोलणारं कुणी उरलं नाही. मग एका गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. "हेमा, तुझ्याकडे येऊ का गं थोडे दिवस?" हेमांगीच्या दोन खोल्यांत तेव्हा सासूबाई मुक्कामाला होत्या. "आत्ता नको गं आई. दिवाळीनंतर बघू." आई म्हणाली, "बरं." तीन आठवड्यांनी ती गेली. देव्हाऱ्याजवळ चिठ्ठी होती. *माझ्या मर्जीनं जाते आहे. शोधू नका.*

वडिलांनी शोधलं नाही. हेमांगीनं शोधलं, पण चिठ्ठीतल्या त्या दोन शब्दांनी तिचे पाय दर वेळी मागे ओढले. पुढे वडील आजारी पडले, तशी ती जळगावला बदली घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. नवरा पुण्याहून महिन्यातून दोनदा येई. गेल्या पौषात वडील गेले. शेवटच्या महिन्यात त्यांनी तीनदा "प्रमिला" अशी हाक मारली होती. आता त्या घरात आईला नकोसं वाटेल असं काही उरलं नव्हतं, आणि हे तिला सांगायचं कसं ते हेमांगीला माहीत नव्हतं.

आईचा डावा घोटा मोडून वेडावाकडा जुळला होता. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं म्हणून हेमांगीनं तिला पावलं मोजणारा मनगटी पट्टा घेऊन दिला होता. त्या पट्ट्यानं टिपलेली चौदा महिन्यांची चाल हेमांगीच्या जुन्या खात्यात तशीच पडून होती. सोमवारी तिनं ती चाहुलीपुढे ठेवली आणि विचारलं, ही चाल कुठे आहे का?

चहा निवेपर्यंत उत्तर आलं. तीन मिटलेल्या ओळी, आणि प्रत्येकीपुढे जुळणीचा आकडा. एक्क्याण्णव टक्के, चौऱ्याऐंशी, एकोणऐंशी. तिनं पहिली ओळ उघडली. आंबाखोरे, तालुका यावल. पोर्ट सतरा.

खालच्या बाजूला सिस्टिम लॉगमध्ये एक नवी ओळ उमटली. तिचं नाव, वेळ, आणि काय विचारलं ते. दर महिन्याला हा लॉग तपासून केंद्रप्रमुखांना अहवाल द्यायचं काम तिच्याचकडे होतं. ओळ पुसणं अवघड नव्हतं. तिनं त्या ओळीकडे पाहिलं आणि पान वर सरकवलं.

त्यानंतरचे नऊ दिवस हेमांगी सकाळी पावणेसातलाच केंद्रात येऊ लागली. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, काम वाढलं वाटतं?" ती "हो" म्हणाली आणि कानाला हेडफोन लावून बसली. चाहूल पावलांचा आवाज करूनही ऐकवत असे. सात वाजून दहा मिनिटांनी गावाच्या पूर्वेच्या टोकाला तो आवाज सुरू होई. डावं पाऊल सबंध टेकायचं, उजवं घाईनं उचललं जायचं. धप्, टक. धप्, टक. हेमांगी डोळे मिटून घेई. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर काढता काढता ती हाच आवाज स्वयंपाकघरातून ऐकायची, असं तिला वाटे. मग आठवे, की तेव्हा तर आईचा घोटा धड होता.

शंभरेक पावलांनंतर ती चाल एका जागी थांबे. चार-पाच मिनिटं. मग तिथून दुसरी, हलकी पावलं तिच्याबरोबर निघत आणि दोघी मिळून गावाच्या पश्चिमेला जात. दोघीच असणार, हेमांगीनं ठरवून टाकलं. पट्ट्यातल्या चालीपेक्षा ही चाल मोकळी होती. अधूनमधून दोन्ही पावलं वाटेतच थबकत. हसण्यासाठी थांबत असतील. आई रस्त्यात थांबून हसते आहे हे चित्र हेमांगीला डोळ्यांसमोर आणता येईना, आणि सोडवेनाही. नऊ वर्षं आपल्याशिवाय तिचं बरं चाललंय, या विचारानं एकाच वेळी गार वाटत होतं आणि जळतही होतं.

दहाव्या दिवशी तिनं रुबाब तडवीला फोन केला. यावल भागातल्या तारांची दुरुस्ती रुबाब बघायचा. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, प्रत्येक पंचायतीच्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला.

"रुबाबभाऊ, आंबाखोऱ्याचं पोर्ट सतरा बघायला येतेय मी."

"सतराला काय झालं ताई? मागच्या आठवड्यातच पुसूनबिसून आलो."

"मला स्वतः बघायचंय."

"या की. मुक्काम आमच्याकडे करा. सकाळी गाडीवर नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी केळीच्या बागा मागे टाकून रुबाबची मोटारसायकल चढाला लागली. हेमांगीनं पिशवीत आईसाठी साडी घेतली होती. भुसावळहून निघताना तिनं तीन साड्या काढल्या, दोन परत ठेवल्या. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आधी वडिलांचं सांगायचं. मग "चल" म्हणायचं नाही, नुसतं "ये" म्हणायचं.

आंबाखोऱ्याच्या पूर्वेला रस्त्याच्या कडेनं तारेच्या खुणेचे दगड रोवले होते. हेमांगी त्यातल्या एका दगडाशी उभी राहिली. सात वाजून आठ मिनिटं झाली. वळणावरून एक बाई आली. डावं पाऊल सबंध टेकवत, उजवं घाईनं उचलत. साठीची, उंच, गव्हाळ, केस पूर्ण पांढरे.

ती आई नव्हती.

हेमांगीला ते लांबूनच कळलं होतं. तरी बाई पार जवळ येईपर्यंत ती तिच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू जवळून चेहरा बदलेल. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाई थांबली.

"काय झालं बाई? कुणाच्या तुम्ही?"

"या आमच्या जळगावच्या मॅडम," रुबाब मागून गडबडीनं म्हणाला. "हेमाताई, या कावेरीबाई. आश्रमशाळेत स्वयंपाक बघतात. ताई, बरं वाटत नाही का?"

हेमांगीला खोटं बोलता आलं असतं. तार तपासायला आले, प्रवासानं चक्कर आली, काहीही. पण नऊ दिवस जिची पावलं कानात साठवली ती बाई समोर उभी राहून पदरानं तिचे डोळे पुसत होती. ती म्हणाली, "मी तुम्हालाच शोधत आले. म्हणजे माझ्या आईला शोधत होते. तिचा घोटाही असाच आहे."

कावेरीबाईंचा हात थांबला. "मला शोधत? कुणी पाठवलं तुम्हाला? धुळ्याहून आलात का?"

"नाही. कुणी नाही पाठवलं."

"मग मी इथे आहे हे कसं कळलं?"

रुबाब दूर जाऊन गाडीशी उभा राहिला. हेमांगीनं सगळं सांगितलं. तार, प्रकाश, पावलं. कावेरीबाई ऐकता ऐकता खाली बघू लागल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या. मग तार पायाखालीच आहे हे ध्यानात आल्यावर आणखी मागे, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला.

"म्हणजे मी चालते ते तुम्हाला तिकडे जळगावला कळतं?"

"हो."

"थांबते तेही?"

"हो."

"सुमनच्या दारात थांबते, तिचं आवरेपर्यंत. तेही?"

"कोण ते कळत नाही. पण थांबता ते कळतं."

बाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "बावीस वर्षं झाली मला इथं. नाव बदललं. धुळ्याहून नवऱ्यानं दोनदा माणसं घातली होती मागावर, त्यांना नाही सापडले. आणि तुम्हाला खुर्चीत बसून सापडले." त्यांचा आवाज चढला नाही. "आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"फक्त मला."

"आज तुम्हाला. उद्या तुमच्या खुर्चीत दुसरा बसला म्हणजे?"

हा प्रश्न हेमांगीनंच एकदा भर बैठकीत विचारला होता. ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं माझं. सगळं पुसते. आजच."

"माझ्यासमोर पुसता येईल?"

"इथून नाही येत. पण पुसेन."

पुढच्या एका दारातून एक ठेंगणी बाई डोकावली. कावेरीबाईंनी तिला हातानंच 'आले' अशी खूण केली. मग विचारलं, "आईला कशाला शोधता? आजारी आहे का घरी कुणी?"

"वडील गेले. ते तिला सांगायचं होतं. आणि..." हेमांगीनं फोनची गोष्ट सांगितली, सासूबाईंसकट. नऊ वर्षांत ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"मलाही मुलगी आहे," कावेरीबाई म्हणाल्या. "तुमच्याच वयाची असेल आता. तिनं मला असं शोधून काढलं असतं ना, तर मला राग आला असता. पायाखालची जमीनच चुगली करते म्हटल्यावर कुठं जायचं माणसानं?" त्या थांबल्या. "राग आला असता, आणि मग मी दार उघडलं असतं. पण ते मी. तुमच्या आईचं मला सांगता येणार नाही. बाई, तिला निरोप पाठवा. मागावर जाऊ नका. निरोप मिळाल्यावर यायचं की नाही ते तिच्या हातात राहू द्या."

त्या वळल्या आणि तारेपासून दूर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालू लागल्या. तिथं खडी होती, त्यांना त्रास होत होता. हेमांगी बघत राहिली. साडीची पिशवी तिच्या हातात तशीच होती.

दुपारी केंद्रात पोचल्यावर तिनं आधी आईच्या चालीची फाइल काढली, मग आंबाखोऱ्याच्या नोंदी पुसल्या, मग त्या तीन ओळींपाशी आली. पहिली रिकामी झाली होती. दुसरी मिटलेली होती. चौऱ्याऐंशी टक्के. एका बोटाच्या टिचकीसरशी गावाचं नाव दिसलं असतं. पहिली ओळ चुकली म्हणजे दुसरी बरोबर असण्याची शक्यता वाढते, एवढं गणित तिला येत होतं. तिथंही कुणीतरी या वेळी भांडी आवरत असेल, किंवा दुपारची पडली असेल, एक पाय उशीवर घेऊन. आई तसंच झोपायची.

हेमांगीचं बोट किती वेळ त्या ओळीवर होतं ते तिला कळलं नाही. तिनं ती न उघडता पुसली. तिसरीही.

मग तिनं महिनाअखेरचा अहवाल लिहायला घेतला. लॉगमधली स्वतःच्या नावाची ओळ त्यात सगळ्यात वर घातली, आणि खाली नोंद केली. *नियमाचा भंग. खाजगी कारणासाठी. एका व्यक्तीला त्रास झाला. चाल ओळखण्याची सोय पूर्णपणे काढून टाकावी, अशी शिफारस.*

केंद्रप्रमुख गवांदे सरांनी ते दोनदा वाचलं. "हे तुम्ही लिहिलं नसतंत तर कुणाला कळलंही नसतं."

"म्हणूनच लिहिलं, सर."

चौकशी झाली. हेमांगीची पगारवाढ थांबली आणि तिला चाहुलीवरून काढून भांडारात टाकलं. शिफारशीचं पुढे काय होणार ते कुणी सांगेना. पण आंबाखोऱ्याच्या तारेवरचं चाल ओळखणं तेवढं बंद झाल्याचं गवांदे सरांनी तिला स्वतः येऊन सांगितलं, तसा लेखी कागदही दिला, आणि ती तो रुबाबबरोबर कावेरीबाईंना पाठवू शकली.

ग्रामतंतूवर प्रत्येक पंचायतीबाहेर एक सूचनांचा पडदा असे. लसीकरण, ग्रामसभा, हरवलेली म्हैस, दशक्रियेची बातमी, सगळं त्यावर येई. हेमांगीनं रांगेत उभं राहून साध्या नागरिकासारखा अर्ज भरला. *भुसावळचे एकनाथ बऱ्हाटे यांचे पौष महिन्यात निधन झाले. शेवटी त्यांनी पत्नी प्रमिला यांची आठवण काढली. मुलगी हेमांगी त्याच घरी राहते.* सात दिवस ही सूचना अकराशे चाळीस गावांत झळकली. सूचना पोचल्याची नोंद प्रत्येक पोर्टानं ठेवली. वाचल्याची नोंद ठेवायची सोय कुठल्याच यंत्रात नसते. कुणी आलं नाही. फोनही आला नाही.

चार महिन्यांनी रुबाब भांडारात नव्या तारेचं रीळ न्यायला आला. सही करता करता म्हणाला, "ताई, तुम्हाला सांगायचं राहिलं. कावेरीबाईंकडे पाहुणे आले होते."

हेमांगी दचकली. "कोण? धुळ्याचे?"

"मुलगी त्यांची. लेकरू घेऊन. बाईंनीच बोलावलं. सुमनबाईंच्या फोनवरून, तीन दिवस धीर गोळा करून. चार दिवस राहिली. गावभर फिरवलं बाईंनी तिला. सगळ्यांना सांगत होत्या, ही माझी, ही माझी."

"काय म्हणाली मुलगी?"

"पहिल्या दिवशी नुसती भांडली म्हणे. मग नातवानं भूक लागली म्हणून गोंधळ घातला, तेव्हा दोघी उठल्या स्वयंपाकाला."

हेमांगी हसली. हसता हसता तिनं तोंड फिरवलं आणि रिळांवरचे नंबर पुन्हा तपासू लागली. रुबाबनं रीळ उचललं आणि जाताना दार हळूच लोटून घेतलं.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती पुन्हा सूचनांच्या खिडकीशी गेली. खिडकीतल्या बाईनं तिला ओळखलं.

"मजकूर तोच ठेवायचा ना?"

"नाही, दुसरा आहे." हेमांगीनं कागद पुढे केला. त्यावर एवढंच होतं. *आई, मी घरीच आहे.*

बाईनं कागद उलटा करून पाहिला. "नाव नाही घातलं कुणाचं. कुणासाठी आहे ते लोकांना कळणार कसं?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

"ठीक आहे. किती दिवस? शेवटची तारीख लिहावी लागते, तेवढ्या रकान्यात लिहा."

हेमांगीनं पेन उचललं, रकान्यापाशी नेलं, आणि टोपण लावून परत दिलं.